ग्राइंडर-ब्रेकर मारणाऱ्यांनो, हात कसे वाचवायचे: मिनिटं मोजण्यापासून डॉक्टरपर्यंत

चहाच्या टपरीवर उभा होतो, खिशात हात घालून पाच रुपयांचं नाणं शोधत होतो आणि बोटांना कळेचना की हातात आलंय ते पाचचं आहे का एकचं. शेवटी सगळी चिल्लर तळहातावर ओतली आणि डोळ्यांनी बघून पैसे दिले. तेव्हा फॅब्रिकेशनमध्ये मला अकरा वर्षं झाली होती, गेट-ग्रिल-शेडची कामं, दिवसभर हातात लोखंड घासायचा-कापायचा चार इंची ग्राइंडर, अधूनमधून भाड्याचा ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं ठोकणारं मशीन. रात्री हाताला मुंग्या यायच्या, उठून हात झटकायचो आणि परत झोपायचो. वाटायचं शुगर असेल. शुगर नॉर्मल निघाली. म्हटलं मग काय, कष्टाचे हात आहेत, होणारच. हे 'होणारच' म्हणण्यातच माझी दोन वर्षं गेली, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

थोडक्यात सांगतो काय होतं ते. मशीनची थरथर मुठीतून बोटात, मनगटात, कोपरापर्यंत जाते, आणि ती रोज, वर्षानुवर्षं गेली की बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब व्हायला लागतात, सांधे-स्नायूंवर पण परिणाम होतो. डॉक्टरी भाषेत हँड-आर्म व्हायब्रेशन सिंड्रोम. हा काही नवीन शोध नाही, १९१८ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्डला चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांचे हात डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तपासले होते. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा मारणारी ती माणसं, थंडीच्या सकाळी त्यांची बोटं पांढरीफटक आणि बधिर पडायची, आणि छिन्नी धरणारा डावा हात जास्त गेलेला असायचा. शंभर वर्षांहून जास्त झाली या गोष्टीला.

आता आपल्याकडे गंमत अशी की यूट्यूबवर कुणीतरी पांढऱ्या बोटांचा फोटो दाखवतो, आपण आपली बोटं बघतो, ती काळीसावळी नेहमीसारखी, मग म्हणतो आपल्याला नाही हे. अरे बाबांनो, बोटं पांढरी पडायला थंडी लागते. आपल्या गरम हवेत ते दिसतच नाही किंवा फक्त डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडीवरून शिफ्टला जाताना दिसतं. आपल्याकडे आधी दिसतात त्या मुंग्या आणि बधिरपणा. काम संपल्यावर वीस मिनिटं हात झिणझिणतो, शर्टचं वरचं बटण पटकन लागत नाही, बारीक नट बोटातून सुटतो, खिशातलं नाणं ओळखू येत नाही. पांढरं बोट दिसायची वाट बघत बसू नका.

आधी मिनिटं मोजा, तास नाही

कुणालाही विचारा, रोज किती वेळ ग्राइंडर मारतो? "आठ तास." खरं नसतं ते. आठ तासात माप घेणं आहे, जॉब फिरवणं आहे, वेल्डिंग आहे, चहा आहे, फोन आहे. आपल्याला पाहिजे तो वेळ म्हणजे मशीन चालू आणि हातात, तेवढाच.

मोजायची सोपी पद्धत आहे. माझा मेव्हणा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला होता, म्हणजे कास्टिंगवरचा (साच्यात ओतलेल्या जॉबवरचा) वाढलेला कडा-कोपरा ग्राइंडरने साफ करायचा. त्याला म्हटलं दहा जॉबचा वेळ फोनवर लाव, फक्त डिस्क टेकलेली असताना. एका जॉबला सरासरी ४५ सेकंद आले. शिफ्टला जॉब १६०. म्हणजे ७२०० सेकंद, बरोब्बर दोन तास. तो 'आठ तास' म्हणायचा आणि सुपरवायझर 'कसले आठ, अर्धा तास' म्हणायचा, दोघंही चूक. एकदा हा आकडा हातात आला की बोलायला जागा होते, नाहीतर नुसता वाद. फॅब्रिकेशनमध्ये जॉब रोज वेगळा असतो, तिथे आठवडाभर खडूने भिंतीवर रेघा मारा, पाच मिनिटाला एक रेघ. अगदी तंतोतंत नको, अंदाज आला तरी पुरे.

मग मशीनचा आकडा शोधा आणि पॉइंट काढा

मशीनच्या बॉक्समध्ये जे पुस्तक येतं ना, जे आपण बॉक्सबरोबरच फेकतो, त्यात मागच्या पानांवर व्हायब्रेशनचा आकडा असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग अशा मापात. शेजारी 'के' म्हणून अजून एक छोटा आकडा असतो, ती अनिश्चितता, तो त्यात मिळवायचा. पुस्तक नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की बहुतेक वेळा मिळतं. हा आकडा नव्या मशीनवर, ठरलेल्या पद्धतीने मोजलेला असतो, आपल्या तीन वर्षं घासलेल्या मशीनला तो लागू होत नाही. मी सरळ दीडपट धरतो.

आणि कृपा करून मशीनला फोन बांधून अ‍ॅपवर मोजायला जाऊ नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला १८० च्या वर, फोनच्या सेन्सरकडून तेवढं धड पकडलं जात नाही, वर कॅमेरा खराब व्हायची भीती वेगळी.

आकडा मिळाला की हिशेब सोपा आहे. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हची पॉइंटची पद्धत आहे, मला तीच सगळ्यात कामाची वाटते. आकड्याचा वर्ग करा, त्याला दोनने गुणा, येईल ते तासाचे पॉइंट. दिवसाचे १०० झाले की सावध व्हायचं, काहीतरी बदल करायचा. ४०० म्हणजे हद्द, त्याच्या पुढे जायचंच नाही.

आता आमच्या शॉपमधल्या एका पोराचा एक दिवस घ्या. ग्राइंडर ७ चा, म्हणजे तासाला ९८ पॉइंट, दीड तास मारला, झाले १४७. जुनी पायरी फोडायला भाड्याचा ब्रेकर आणला, १५ चा, तासाला ४५०, तो मारला फक्त २० मिनिटं, झाले १५०. मग हॅमर ड्रिल ९ चा, तासाला १६२, पाऊण डझन भोकांना १५ मिनिटं, झाले ४०. टोटल ३३७.

बघा, वीस मिनिटांचा ब्रेकर दीड तासाच्या ग्राइंडरपेक्षा भारी पडला. वर्ग असल्यामुळे असं होतं, थरथर दुप्पट झाली तर पॉइंट चौपट होतात. म्हणजे १२ चं मशीन टाकून ६ चं आणलं तर तेवढ्याच पॉइंटमध्ये चौपट वेळ काम करता येतं. मशीन घेताना वॉट आणि किंमत बघतो तसा हा आकडा पण बघायचा, हजार-दोन हजार जास्त गेले तरी.

हिशेबाचा कंटाळा असेल तर ढोबळ एवढं ध्यानात ठेवा: ठोकणारं मशीन दिवसाला १५ मिनिटांच्या वर आणि फिरणारं मशीन तासाच्या वर गेलं की तुम्ही धोक्याच्या भागात आलात.

जे काम मशीनने करायचंच नाही ते आधी काढून टाका

हातमोज्यांच्या आधी हे. कारण जी पाच मिनिटं मशीन चाललंच नाही त्या पाच मिनिटांचे पॉइंट शून्य.

साइटवरची निम्मी तोडफोड ही आधी विचार न केल्याची असते. स्लॅब भरताना पाइपासाठी पीव्हीसीचा तुकडा ठेवून दिला असता तर नंतर प्लंबरला ब्रेकर लावावा लागला नसता. इलेक्ट्रिशियनची झिरी प्लास्टर झाल्यावर हॅमरने उकरत बसण्यापेक्षा दोन पात्यांचं वॉल चेझर मशीन भाड्याने आणा, दोन सरळ काप आणि मधलं छिन्नीने उडवायचं. मोठं भोक पाहिजे तर कोअर कटिंगवाला बोलवा, त्याचं मशीन स्टँडवर असतं, हातात नसतं. आमच्या धंद्यात पाइप आणि अँगल कापायला हातातल्या ग्राइंडरऐवजी चॉप सॉ, म्हणजे खाली ठेवून चालवायचं कापायचं मशीन, वापरली की रोजची चाळीस मिनिटं वाचतात, हे मी मोजून सांगतोय. आणि वेल्डिंग चांगलं शिका राव! जाडजूड गांडुळासारखं वेल्डिंग ओढायचं आणि मग अर्धा तास ते घासत बसायचं, यात हात पण जातो, डिस्क पण जाते.

फाउंड्रीत तेच, साचा आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा) झिजलेला असला की कास्टिंगच्या जोडाला जाड फिन, म्हणजे जास्तीची कड, येतो, आणि तो घासतो फेटलिंगवाला. त्याच्या हाताचं दुखणं पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साचे बनतात तिथे, सुरू झालेलं असतं. हे मॅनेजमेंटला सांगताना हाताचं सांगू नका, 'एका जॉबला पंधरा सेकंद वाचतात' असं सांगा, लगेच ऐकतात.

मशीन दुरुस्त करा, मग हात

ग्राइंडर नेहमीपेक्षा जास्त थरथरतोय असं वाटलं की पहिल्यांदा प्लग काढा. डिस्क काढा. मग डिस्कशिवायच, नट वगैरे सगळं काढून, मशीन धरून चालू करा. तरी थरथरतंय? मग दोष आत आहे, बेअरिंग गेलं असेल, स्पिंडल वाकला असेल, आर्मेचरला काही झालं असेल. मेकॅनिककडे द्या, बेअरिंग बदलायला काही लाख रुपये लागत नाहीत. डिस्कशिवाय शांत चाललं आणि डिस्क लावल्यावर नाचायला लागलं, तर दोष डिस्कमध्ये किंवा वॉशरमध्ये. ते दोन वॉशर, आतला आणि बाहेरचा, त्यावर चिकटलेली घाण आणि वेल्डिंगचा एक बारीक मणी सुद्धा डिस्क तिरकी बसवायला पुरतो. चिंधीने पुसा, बोट फिरवून बघा.

डिस्कचं पण सांगतो कारण तिकडे कोणी बघत नाही. मधल्या पत्र्याच्या रिंगवर एक्स्पायरीचा महिना-वर्ष छापलेला असतो. खरंच असतो, आत्ता जाऊन बघा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभी टेकवून ठेवलेली डिस्क एका बाजूने ओल धरते आणि तोल बिघडतो, वर फुटायची भीती. कोरड्या जागी आडवी ठेवायची. उंचावरून पडलेली डिस्क सरळ कचऱ्यात, 'दिसायला तर चांगली आहे' म्हणून लावायची नाही. नवी डिस्क लावली की तोंडासमोर न धरता अर्धा-एक मिनिट रिकामी फिरवायची. आणि गार्ड काढून लहान मशीनवर सात इंची डिस्क लावणाऱ्यांना मी काय सांगू, त्यांचा प्रश्न थरथरीचा नाही, जीवाचा आहे.

ब्रेकरवाल्यांसाठी: छिन्नीला धार पाहिजे. बोथट छिन्नी म्हणजे तेच काम दुप्पट वेळ. साइटवर दोन-तीन धार लावलेल्या छिन्न्या जास्तीच्या ठेवा. छिन्नी बसते तिथली बुश झिजली की छिन्नी आत लडबडते, हाताने हलवून लगेच कळतं. भाड्याचं मशीन ताब्यात घेताना हे दुकानातच तपासा, साइटवर आल्यावर 'चालतंय की' म्हणत चार दिवस मारण्यापेक्षा. मला एकदा असाच एक ब्रेकर मिळाला होता, हँडलचं रबर तुटून पडलेलं, स्प्रिंग एका बाजूची नव्हतीच. स्वस्तात मिळाला म्हणून मीच खूश होतो.

पकड

मूठ जेवढी घट्ट, तेवढी थरथर आत. नवीन पोरगं मशीन असं आवळून धरतं की बोटांची पेरं पांढरी होतात, आणि जुना मिस्त्री तेच मशीन सैल हाताने चालवतो. सैल म्हणजे सोडून द्यायचं नाही हां, ग्राइंडर उसळला तर ताब्यात राहिला पाहिजे, दोन्ही हात आणि बाजूचं हँडल लावलेलंच पाहिजे. पण दाबायचं नाही. दाबल्याने काम लवकर होत नाही, मोटरचा आवाज खाली बसतो ना, तेव्हा समजायचं तुम्ही जास्त दाबताय.

जॉब क्लॅम्पमध्ये किंवा व्हाइसमध्ये आवळा. एका हातात जॉब आणि एका हातात ग्राइंडर हे चित्र आपल्या प्रत्येक शॉपमध्ये दिसतं. जॉब सैल असला की तो पण थरथरतो आणि मग दोन्ही हातांचं नुकसान.

ब्रेकरला त्याचं वजन आहे, ते वजनच काम करतं. स्प्रिंगची हँडलं असतील तर ती मधोमध तरंगती ठेवायची, अंग टाकून दाबलं की स्प्रिंग तळाला टेकते आणि मग ती असून नसल्यासारखी. मधोमध भोक पाडत खोल जाऊ नका, कडेपासून थोडं थोडं तोडत या, तुकडा सुटायला जागा मिळते. छिन्नी अडकली तर ट्रिगर दाबून ओढाओढ नको, बंद करा, हलवून काढा. आणि पालथं धरून, खांद्याच्या वर हात करून छताला ब्रेकर मारायचा असेल तर ते काम दोघांनी वाटून घ्या, थोडा थोडा वेळ आळीपाळीने.

वाटून घेण्याबद्दल एक. सलग एक तास मारून मग अर्धा तास बसण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं मारायचं, मग दुसरं काम करायचं, हे हाताला बरं. पीस रेटवर असलेल्यांना हे ऐकून राग येईल, मला माहितीये. त्यांनी निदान जॉबची रांग अशी लावावी की दहा घासले की दहा उचलून पलीकडे लावायचे, हात मोकळा होतो आणि पीस पण कमी होत नाहीत.

हातमोज्यांबद्दल खरं काय ते

अँटी-व्हायब्रेशन ग्लोव्हज मिळतात, तळव्याला जेल किंवा फोमची गादी असते. घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ब्रेकरसारखी ठोकणारी मोठी थरथर ते फारशी अडवत नाहीत, ग्राइंडरच्या बारीक वेगवान थरथरीला थोडा फरक पडतो, बोटांच्या टोकांना तर अजून कमी. आणि जाड मोजा घातला की आपण नकळत मूठ जास्त आवळतो, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. मोज्यांचा खरा उपयोग कापण्यापासून, ठिणगीपासून आणि थंडीपासून. मापाचे घ्या, सैल मोजा फिरत्या डिस्कजवळ नको.

सायकलची ट्यूब हँडलला गुंडाळायची आपल्याकडे फार जुनी पद्धत. मी पण करायचो. हाताला मऊ लागतं म्हणून बरं वाटतं, पण थरथरीवर त्याचा परिणाम जवळजवळ काही नाही, वर हँडल जाड झाल्याने पकड बिघडते.

हात गरम ठेवा, तंबाखू दूर ठेवा

थंडीत गार बोटांनी मशीन उचलायचं नाही. पहाटेच्या शिफ्टला गाडीवरून येताना मोजे घाला, कारण गाडीचं हँडल पण थरथरतं आणि वारा पण लागतो. आल्या आल्या चहाचा गरम कप दोन्ही हातात धरा, हात चोळा, मग सुरू करा. हवेवर चालणारी मशीनं असतील तर बाहेर पडणारी गार हवा बोटांवर येतेय का बघा, येत असेल तर हवा बाहेर पडायचं मशीनचं तोंड फिरवून घ्या.

बिडी, सिगारेट, तंबाखूची चिमूट, मशेरी, गुटखा, सगळ्यात निकोटीन, आणि निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात. थरथरीने पण त्याच आखडतात. मी तंबाखू सोडायला तीन वेळा हरलो, त्यामुळे भाषण देत नाही, पण निदान ब्रेकर हातात घ्यायच्या आधीची आणि मधल्या सुट्टीतली चिमूट तरी टाळा.

पंजा कागदावर काढा

लहानपणी पाटीवर हात ठेवून भोवती रेघ मारायचो तसंच. महिन्याच्या एक तारखेला दोन्ही पंजे कागदावर काढायचे आणि जिथे मुंग्या येतात तिथे पेनाने ठिपके, जिथे बधिर वाटतं तिथे रेघा, बोट पांढरं पडलं असेल तर तो भाग गोल करायचा. खाली तारीख, आणि मुंग्या किती वेळ टिकल्या ते. शेजारी शर्टचं बटण एका हाताने लागलं का आणि खिशातलं नाणं न बघता ओळखलं का, हो किंवा नाही. शॉपमध्ये चार-पाच जण असाल तर सगळ्यांचे काढा आणि एका फायलीत लावा.

मुंग्या काम थांबल्यावर पाच मिनिटांत जात असतील तर पॉइंट कमी करायला आजपासून लागा. तासाभरानंतरही राहत असतील, रात्री झोपमोड होत असेल, हातातून वस्तू सुटत असेल, बोट पांढरं पडत असेल, तर डॉक्टर गाठा, उशीर नको, कारण रक्तवाहिन्यांचा त्रास वेळेत मशीन थांबवलं तर थोडाफार मागे फिरू शकतो, नसांचं नुकसान पुढे गेलं की बहुतेकदा तसंच राहतं.

डॉक्टरकडे गेल्यावर स्वतःहून सांगावं लागतं. मला पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "मोबाइल फार वापरता का?" आणि गोळ्या लिहून दिल्या, काम काय करता हे विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा पंज्यांचे कागद, मशीनचा फोटो, रोजची मिनिटं आणि किती वर्षं हे काम करतोय ते लिहून नेलं. मग नसांची तपासणी झाली, एनसीव्ही म्हणतात ती, मनगटातली नस दबलेली निघाली, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येण्याचं ते एक कारण. शुगर आणि थायरॉइड पण परत बघितली, कारण त्यानेही असंच होतं. हे सगळं केस पेपरवर लिहून घ्या, 'रुग्ण अमुक वर्षं ग्राइंडर चालवतो' ही ओळ त्यात पाहिजेच, उद्या कंपनीकडे काम बदलून मागायचं झालं तर तोच कागद लागतो.

मी आता ब्रेकर हातात घेत नाही, ग्राइंडर दिवसाला चाळीस मिनिटांच्या आत. रात्रीची झोप परत आली. नाणं अजून कधी कधी बघूनच द्यावं लागतं.